घरच्या संगणकाचा आचारधर्म

घराचें रक्षण करावयाचें म्हणजे दाराला कुलूप असावें, रात्रीं कडी लावून निजावें व अनोळखी माणसास ओळख पटल्यावांचून आंत घेऊं नये, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्या घरांत हीं पथ्यें पिढ्यानुपिढ्या पाळलीं जातात, त्याच घरांतील अभ्यासाच्या खोलींत एक संगणक असतो, व त्याच्यापाशीं आल्यागेल्यास कसलाच मज्जाव नसतो. आजोबांचीं पेन्शनचीं कागदपत्रें, वडिलांचे आयकराचे हिशेब, मुलांचा अभ्यास, लग्नामुंजींचे फोटो आणि बँकेचा व्यवहार, एवढी सारी जिंदगी त्या एका पेटींत सांठविलेली असते. एकत्र कुटुंबांत ही पेटी सर्वांची असते, आणि म्हणूनच तिची काळजी वाहणें हें बहुधा कोणाचेंच काम नसतें. तिच्या रक्षणासंबंधीं चार गोष्टी सांगाव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

संगणकास जें करावयास सांगावें तें तो करितो. सांगणारा धनी आहे कीं चोर, हें त्याला कळत नाहीं. चोराचें काम करण्यासाठीं लिहिलेल्या आज्ञावलींस मालवेअर असें नांव आहे. लोकांच्या तोंडीं या सर्वांस सरसकट ‘व्हायरस’ हाच शब्द असतो. पण त्यांत पोटजाती आहेत. दुसऱ्या फाइलीस चिकटून तिच्याबरोबर पसरतो तो व्हायरस. कोणाच्या मदतीवांचून जाळ्यांतून एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो तो वर्म, म्हणजे किडा. आणि उपयोगी वस्तूचें सोंग घेऊन येतो तो ट्रोजन. ग्रीकांनीं लांकडी घोड्याच्या पोटांत योद्धे लपवून ट्रॉय नगरांत शिरकाव केला, त्या कथेवरून हें शेवटचें नांव पडलें. तो घोडा ट्रॉयच्या लोकांनीं आपल्याच हातांनीं ओढून आंत नेला, हें त्या कथेंतील मर्म होय. आणि संगणकाच्या इतिहासांत बहुतेक वेळां असेंच घडलेलें दिसतें.

१९८६ सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं लिहिलेला ‘ब्रेन’ हा आय. बी. एम. पद्धतीच्या संगणकांवरील पहिला व्हायरस मानतात. तो फ्लॉपी चकतीवर बसून हातोहात फिरे. पुढें १९८९ च्या डिसेंबरांत निरनिराळ्या देशांतील लोकांस टपालानें सुमारें वीस हजार चकत्या आल्या. त्यांत एड्स रोगाविषयीं उपयुक्त माहिती आहे, असें सांगितलें होतें. चकती वापरल्यावर पुष्कळ दिवस कांहींच होत नसे. पण संगणक सुमारें नव्वद वेळां सुरू झाला म्हणजे फाइलींचीं नांवें गुप्त लिपींत जात, आणि पनामा देशांतील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा, अशी मागणी येई. पुढें फोफावलेल्या खंडणीच्या धंद्याचा हा आरंभींचा मासला होय.

मे २००० मध्यें फिलिपाइन्स देशांतून निघालेलें ‘आय लव्ह यू’ हें पत्र तर जगभर पसरलें. त्यास जोडलेल्या फाइलीच्या नांवाच्या शेवटीं ‘टीएक्सटी’, म्हणजे साधा मजकूर, असें दिसे. त्यापुढचें ‘व्हीबीएस’ हें खरें शेपूट विंडोज लपवून ठेवी. मजकूर समजून लोक फाइल उघडीत आणि आज्ञावली चालू होई. ती त्यांच्या पत्त्यांच्या वहींतील सर्वांस तेंच पत्र परभारें धाडी. त्यामुळें पत्र यावयाचें तें ओळखीच्याच माणसाकडून! संस्कृत नाट्याच्या अभ्यासकांस येथें विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’ आठवल्यावांचून राहणार नाहीं. राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हातीं लागते, आणि राक्षसाच्याच मित्राच्या अक्षरांत लिहिलेलें व त्याच मुद्रेनें अंकित झालेलें पत्र राक्षसाच्या पाडावास कारण होतें. अक्षर खरें, मुद्रा खरी, पत्र मात्र खोटें. बँकेच्या, वीजबिलाच्या किंवा कुरियरच्या नांवानें हल्लीं येणाऱ्या पत्रांची जात हीच आहे. पत्रावरील नांव व चिन्ह पाहून विश्वास ठेवूं नये. संशय आल्यास त्या बँकेच्या पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन विचारावें.

क्वचित् कोणी दार न उघडतांहि चोर आंत येतो. पण तेथेंहि कडी लावावयाची राहिलेली असते. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा किडा सुटला व थोड्याच दिवसांत सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांवर संगणकांच्या फाइली त्यानें कुलूपबंद केल्या. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांस ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या. विंडोजमधील ज्या छिद्रांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, प्रसिद्ध केली होती! महाभारतांतील नलाख्यानांत कलि नलाच्या देहांत शिरण्यास बारा वर्षें छिद्र शोधीत होता. एके दिवशीं पाय न धुतां नल संध्येस बसला आणि तेवढ्यानें त्याचें साधलें. अपडेटची सूचना आली कीं ‘मग पाहूं’ म्हणून ती दूर सारणें, हें त्या न धुतलेल्या पायांसारखेंच आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत चौदा माणसें आणि संगणक एक. घरांतील वडील गृहस्थ चार वर्षें खपून, मोडी कागद वाचून, कुलवृत्तान्त त्यावर उतरवीत होते. शाळकरी नातवानें एक विकत मिळणारा खेळ इंटरनेटवरील चोरट्या ठिकाणाहून फुकट आणला. सोबत सूचना होती कीं, खेळ बसविण्यापूर्वीं अँटिव्हायरस बंद करावा. ती त्यानें मुकाट्यानें पाळली. थोड्याच वेळांत फाइलींचीं नांवें पालटूं लागलेलीं त्यास दिसलीं. परंतु ‘संगणकाला हात लावशील तर याद राख’ अशी त्याला ताकीद होती, म्हणून तो कोणास बोलला नाहीं. सकाळीं एकहि फाइल उघडेना. नक्कल ठेवलेली हार्डडिस्क होती, पण ती बारमाही संगणकास जोडलेली असल्यामुळें तिचीहि तीच गत झाली. मुलानें त्या संध्याकाळीं हांक मारली असती, तर इंटरनेट व हार्डडिस्क तोडून, संगणक बंद करून, कदाचित् कांहीं भाग वांचला असता.

आतां उपायांकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, प्रत्येकास विंडोजमध्यें आपापलें साधें खातें असावें, आणि नवी आज्ञावली बसविण्याचा अधिकार असलेलें खातें एकाच जाणत्या माणसाकडे, वेगळ्या पासवर्डासह, असावें. मुलाच्या खात्यावर कांहीं बसवितांना मोठ्यास बोलवावें लागलें, कीं अर्धा धोका टळतो.

दुसरें, अपडेट आलीं कीं लगेच बसवावीं. विंडोज १० चा सर्वसाधारण पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्यांनीं वाढीव मुदतीची सोय घेतली नसेल, त्यांनीं तो संगणक बँकेच्या कामास वापरूं नये.

तिसरें, अँटिव्हायरस चालू असावा. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरगुती कामास पुरतो. दुसरा हवा असल्यास तो विकत घ्यावा, पण दोन एकदम चालवूं नयेत. पुण्याच्या काटकर बंधूंनीं दुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून आरंभ करून ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस नांवारूपास आणला, हें मराठी माणसास भूषणावह आहे. तथापि पहारेकरी किती हि चांगला असला तरी, धन्यानेंच त्याला सुट्टी दिल्यावर त्यानें काय करावें?

चौथें, महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्या. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, आणि एक घराबाहेर, मुलीच्या सासरीं म्हणा किंवा इंटरनेटवरील कोठारांत म्हणा, असावी. नक्कल झाली कीं हार्डडिस्क काढून कपाटांत ठेवावी.

पांचवें, फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ सदरांत जाऊन फाइलींचीं पूर्ण नांवें दिसतील असें करावें, म्हणजे शेपूट लपणार नाहीं. रस्त्यांत सांपडलेला पेनड्राइव्ह कधींहि लावूं नये.

सहावें, प्रत्येक ठिकाणीं निराळा व लांब पासवर्ड असावा. तो लक्षांत राहत नसेल तर वहींत लिहून वही कपाटांत कुलूपबंद ठेवण्यास हरकत नाहीं. दूर देशींच्या चोराचा हात त्या कपाटापर्यंत पोंचत नाहीं. पडद्यावर एकाएकीं मोठी धोक्याची सूचना व खालीं फोन क्रमांक दिसला, तर त्यावर फोन करूं नये. मायक्रोसॉफ्ट कोणाच्या घरीं आपण होऊन फोन करीत नाहीं. तसा फोन करून संगणकाचा ताबा मागणारा ठकच समजावा.

इतकें करूनहि पैसे गेलेच, तर विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. खंडणी भरूं नये, असें जाणते सांगतात. कारण ती भरल्यावर फाइली परत मिळतीलच याची हमी नसते.

सर्वांत शेवटीं सांगावयाचें, तें यंत्राविषयीं नसून घराविषयीं आहे. पस्तीस वर्षें मुलांत घालविल्यावर आमचा असा अनुभव आहे कीं, जेथें चुकीला मार मिळतो तेथें चूक कमी होत नाहीं, ती लपविली जाते. हेंच सत्तरीच्या आजोबांसहि लागू आहे; फसलों हें सुनेसमोर कबूल करण्याची लाज त्यांस अधिक असते, आणि ठकांना ती ठाऊक असते. म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांनीं एके रविवारीं सर्वांस एकत्र बसवून वरील नियम सांगावे, आणि त्याबरोबर असें वचन द्यावें कीं, संगणकावर कांहीं विपरीत दिसलें तर जो प्रथम सांगेल त्याला कोणी रागावणार नाहीं. तें वचन पाळणें मात्र मोठ्यांचें काम आहे.