आफ्रिकेच्या सरोवरांतील पाहुणे

घरांत कांचेची पेटी मांडून तींत मासे पाळण्याची आवड आतां आपल्या कुटुंबांतून चांगलीच रुजली आहे. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एकत्र बसून पाहतां येईल असें तें एक निरुपद्रवी कौतुक आहे. त्यांतहि आफ्रिकेंतील 'सिक्लिड' कुलाचे पिवळे, निळे, नारिंगी मासे दृष्टीस पडले कीं मुलें हट्ट धरतात, आणि वडील माणसेंहि लवकरच मुलांच्या बाजूचीं होतात. मग सकाळीं पेटी, दुपारीं पाणी व सायंकाळीं मासे अशी एका दिवसांत सर्व खरेदी उरकली जाते. तिचा शेवट मात्र पुष्कळदां पंधरा दिवसांतच होतो. एकेक मासा वर तरंगूं लागतो, आणि दुकानदारानें रोगट माल दिला असें म्हणून घरचीं माणसें स्वतःचें समाधान करून घेतात. वास्तविक दोष बहुधा माशांत नसून पाण्यांत असतो. मासे पाळणें म्हणजे मुख्यतः पाणी पाळणें होय, हें ज्यानें ओळखलें त्याला पुढील सर्व गोष्टी सोप्या जातात.

सिक्लिड हें माशांचें फार मोठें कुल आहे. गोव्याच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर हा त्याच कुलांतला. परंतु शोभेसाठीं जे आफ्रिकी सिक्लिड विकले जातात, त्यांचें मूळस्थान बहुतांशीं मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया हीं पूर्व आफ्रिकेंतील तीन सरोवरें होत. नवशिक्यानें मलावीच्या माशांपासून आरंभ करावा. हें सरोवर सुमारें ५८० किलोमीटर लांब व सुमारें ७०० मीटर खोल आहे. त्याच्या खडकाळ किनाऱ्यांवर राहणाऱ्या माशांना तेथील टोंगा भाषेंत 'म्बुना' म्हणतात. तेथील पाणी क्षारधर्मी असून त्याचा सामू साधारणतः ७.७ ते ८.६ असतो. या माशांचा देह त्याच पाण्याशीं मिळताजुळता घडलेला आहे.

आतां आपल्या चारकोपचें पाहूं. ही वस्ती खाडीकांठची. १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या साहाय्यानें येथें लहान लहान भूखंडांची योजना झाली. पश्चिमेकडे कांदळवन अद्याप उभें आहे. परंतु नळाला येणारें पाणी भातसा, वैतरणा अशा दूरच्या जलाशयांतील, म्हणजे सांठविलेलें पावसाचें पाणी होय. काळ्या पाषाणाच्या डोंगरांतून आलेलें हें पाणी मऊ असतें. त्यांत क्षार थोडे. पिण्यास तें उत्तम, पण मलावीच्या माशाला परकें. शिवाय जंतुनाशासाठीं घातलेला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. म्हणून पाणी मोठ्या पिंपांत चोवीस तास उघडें ठेवून त्यांत हवा सोडावी, किंवा दुकानांत मिळणारे 'हायपो'चे थेंब प्रमाणांत टाकावे. ज्या इमारतींत विंधन विहिरीचें पाणी मिसळतात, तेथें तें आधीं अवश्य तपासावें; खाडीजवळच्या विहिरीच्या पाण्यांत मीठ उतरलेलें असूं शकतें.

पाण्याला क्षार देण्याचा साधा उपाय म्हणजे तळाशीं संगमरवराच्या बारीक चिपा किंवा शिंपल्यांचा चुरा पसरणें. पोंवळ्याचा चुरा मात्र घेऊं नये. आपल्या समुद्रांतील पोंवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. सामू कमी भरल्यास खाण्याचा सोडा अगदीं थोडा, वेगळ्या पाण्यांत विरघळवून, दररोज सामू तपासत द्यावा. एकदम फरक केला तर माशांना तो सोसत नाहीं.

पेटी लहान नसावी. हे मासे जागेवरून भांडणारे आहेत. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटींत सुमारें २५५ लिटर पाणी मावतें. दगड धरून तिचें ओझें ३०० किलोच्या वर जातें. तेव्हां ती शोकेसवर न ठेवतां भक्कम लोखंडी घडवंचीवर, भिंतीलगत, उन्हापासून दूर मांडावी व खालीं थर्मोकोलचा थर द्यावा. आंत आपला काळा दगड धुऊन रचावा व त्यांत पुष्कळ कपारी ठेवाव्या. दगड वाळूवर न ठेवतां तळाशीं बसवून मगच चिपा पसराव्या. हे मासे तळ उकरतात आणि रचलेला दगड ढांसळून कांच फोडतो.

आतां सर्वांत कठीण भाग, तो म्हणजे थांबणें. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात व दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांना विषासारखे. तिसरा त्या मानानें सौम्य. हे उपकारी जंतु गाळणींत व दगडांवर वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. क्षारधर्मी पाण्यांत तर तोच अमोनिया अधिक विषारी होतो, म्हणून मलावीच्या माशांच्या बाबतींत घाई विशेष महाग पडते. या काळांत रिकाम्या पेटींत रोज चिमूटभर अन्न टाकावें, गाळणी अहोरात्र चालूं ठेवावी, आणि तपासणींत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येतील तेव्हांच क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याची वाट धरावी. मुलांना विज्ञानाचा याहून चांगला पाठ मिळणार नाहीं; तारखवार आंकडे त्यांच्याकडूनच वहींत लिहून घ्यावे.

प्रारंभीं पिवळ्या 'लॅबिडोक्रोमिस'चीं दहा-बारा पिल्लें आणावीं. त्या मानानें हा मासा शांत. म्बुना मुख्यतः खडकांवरील शेवाळ खरवडून खाणारे असल्यामुळें त्यांना शेवाळयुक्त दाणे, उकडलेला पालक, सोललेला मटार मानवतो. मांसल अन्नाच्या अतिरेकानें पोट फुगून ते मरतात. दोन मिनिटांत संपेल तेवढेंच द्यावें. एकत्र कुटुंबांत प्रत्येकाचा हात दयाळू असतो आणि मासा दिवसांतून सहा वेळां जेवतो. हें काम एकाच व्यक्तीकडे असावें. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें. मे महिन्यांत पाणी तापून त्यांतील प्राणवायु घटतो, तेव्हां हवेचा पंप जोरानें चालवावा.

शतपथब्राह्मणांत मनूनें सांभाळलेला मासा घटांत मावेना, खड्ड्यांत मावेना, अशी कथा आहे. बोटाएवढीं आणलेलीं पिल्लेंहि वाढतात, आणि त्यांचा वंशहि वाढतो. मादी अंडीं तोंडांत धरून सुमारें तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते आणि पोहतीं पिल्लें बाहेर सोडते. घरांतील सर्वांनीं हा प्रकार अवश्य पाहावा. पण वाढलेल्या माशांचें काय करावयाचें, हें पेटी आणण्यापूर्वींच ठरलेलें असावें. ते परत घेणारा दुकानदार अथवा दुसरा हौशी पाहून ठेवावा. खाडींत किंवा तळ्यांत ते कदापि सोडूं नयेत. तिलापिया हाहि आफ्रिकी सिक्लिडच. १९५२ सालीं त्याची एक जात अन्न म्हणून भारतांत आणली गेली. आज उजनी जलाशयाच्या बाजूस तिलापिया 'चिलापी' या नांवानें विकला जातो, आणि अनेक जलाशयांत त्यानें मूळच्या माशांची जागा बळकावली आहे. आणलेला जीव आपल्या घराच्या चार भिंतींत शेवटपर्यंत सांभाळण्याची तयारी असेल, तरच या पाहुण्यांना आमंत्रण द्यावें.