नांदेड ते लातूर, परळीमार्गे

नांदेडहून लातूरला जायचं म्हटलं की कुणीही एसटी स्टँडचा रस्ता दाखवतं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस सरळ खाली उतरते. रेल्वे मात्र आधी पश्चिमेला परभणीला जाते, तिथून परळीला येते, मग पूर्वेला लातूर रोडकडे सरकते आणि पुन्हा मागे वळून लातूर गाठते. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. घाई असेल त्यानं बस धरावी. पण दिवाळीच्या सुट्टीत पोरंबाळं आणि आजी-आजोबा घेऊन निघायचं असेल, तर हा फेराच खरी सहल आहे.

हा फेरा पडायला कारण आहे. रूळ टाकताना नांदेडकराला लातूरला जायचं असेल, असा विचारच कुणी केला नव्हता. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९००च्या सुमारास सिकंदराबादहून मनमाडला पोचली, ती मुंबईच्या लाइनीला भिडण्यासाठी. नांदेड, परभणी वाटेत आली. लातूरही निजामाच्याच राज्यातलं, पण तिथं गाडी आली ती पलीकडून, इंग्रजी मुलखातल्या बार्शीकडून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं १८९७मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी अडीच फुटी रुळांची लाइन सुरू केली आणि १९११मध्ये ती लातूरपर्यंत आली. मालकही दोन, रुळांची रुंदीही दोन.

नांदेडला निघण्याआधी अर्धा दिवस हाताशी ठेवा. गुरु गोविंदसिंगांनी १७०८मध्ये इथं देह ठेवला. आज दिसणारा सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३०च्या दशकात बांधवला. लंगरमध्ये पंगतीला बसल्याशिवाय नांदेड सोडू नये, असं माझं मत. स्टेशनवर अमृतसरची सचखंड एक्स्प्रेस उभी असेल, तर फलाटावर मराठीपेक्षा पंजाबीच जास्त कानावर पडते.

नांदेडनंतर लागणारं पूर्णा हे गाव रेल्वेवरच वाढलं. हिंगोली-अकोल्याची लाइन इथूनच फुटते. परभणीला उतरायची गरज नाही. खिडकी धरून बसावं ते पुढे, गंगाखेडसाठी. स्टेशन यायच्या आधी गाडी गोदावरीवरून जाते आणि डब्यातल्या बायका आपोआप हात जोडतात. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जात्यावरच्या ओव्यांतून घराघरात पोचलेली ही बाई इथली, हे आजीनं नातवंडांना सांगायला याहून चांगली जागा नाही. धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबाही इथंच उघडावा.

परळीला मुक्काम करा. वैजनाथाचं मंदिर उंचावर आहे, दगडी पायऱ्या चढून जावं लागतं. त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्याही याच गावच्या. पुढे पानगाव लागतं. तिथल्या विठ्ठल मंदिराचं कोरीवकाम बघून, एवढं जवळ असून आपण कधी आलो कसे नाही, असं वाटतं. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागेल.

जर्मनीत नोकरीला गेलेली आपल्याकडची पोरंही कोलोन, फ्रँकफर्ट, म्युनिक अशी रेल्वेनंच सहल केल्याचे फोटो पाठवतात. कोलोनला स्टेशनाबाहेर पाय ठेवला की समोर कॅथेड्रल. आपल्याकडे स्टेशन ते देऊळ रिक्षा ठरवावी लागते, पण जर्मनी आपल्या रुळांवरही आहे. आता बऱ्याच एक्स्प्रेसना लागतात ते एलएचबी डबे म्हणजे लिंके-हॉफमान-बुश या जर्मन कंपनीची रचना. तिकडून आलेल्या नमुन्यावरून कपूरथळ्याच्या कारखान्यात ते बनू लागले. अपघातात एक डबा दुसऱ्यावर चढू नये, हा त्या रचनेचा मोठा फायदा. लातूरलाही आता रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. तिथला पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२०ला तयार झाला.

लातूरला नवं स्टेशन ब्रॉडगेजचं. बार्शीकडून येणाऱ्या जुन्या छोट्या गाडीच्या आठवणी मोठ्या माणसांना विचाराव्यात. ती लाइन टप्प्याटप्प्यानं रुंद झाली आणि याच कामात धाराशिव पहिल्यांदा लाइनीवर आलं. याच लाइनीचे मिरजेपर्यंतचे रूळ रुंद झाले नसते, तर एप्रिल २०१६चं काय झालं असतं? त्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडले आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर; नंतर एका खेपेला पन्नास वाघिणी. कापूस आणि पंढरीचे वारकरी वाहिलेल्या वाटेनं एका शहराला प्यायला पाणी दिलं. मला या सगळ्या सहलीत सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. मुलांना स्टेशनवर उभं करून ती सांगावी.

मग गंजगोलाई. मधली गोल इमारत, तिच्याभोवती फुटणारे सोळा रस्ते आणि रस्त्यागणिक वेगळा बाजार. खरेदीला निघालेल्यांनी परत भेटायची जागा आधी ठरवून घ्यावी. सुट्टी उरली असेल तर नांदेडला परतू नका. पनवेलची गाडी लातूरवरून धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडीला जाते आणि कुर्डुवाडीहून पंढरपूर तासा-दीड तासावर आहे.