लंडनचे घर आणि पवनीची टेकडी

नोकरीच्या निमित्ताने परदेशी जाऊन येणे ही गोष्ट आता आपल्या वस्त्यांमध्ये नवलाची राहिलेली नाही. इंदोऱ्यातली, बुद्धनगरातली, रामबागेतली मुले-मुली कंपनीच्या कामाने कुणी लंडनला, कुणी दुबईला, कुणी अमेरिकेला महिना-दोन महिने जाऊन येतात. येताना चॉकलेटे आणतात, उंच इमारतींसमोर काढलेले फोटो आणतात. आम्हीही असेच 2024 च्या सप्टेंबरात सहा आठवड्यांसाठी लंडनला गेलो. सोमवार ते शुक्रवार कंपनीचे काम, शनिवार-रविवार मोकळे. त्या मोकळ्या दिवसांत काय पाहिले आणि पाहताना मनात काय आले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा प्रपंच.

विमानतळावर निघताना आमच्या आईने एकच अट घातली होती. ती म्हणाली, "बाबू, तिथं जाऊन बाबासायबाचं घर नाई पाह्यलं त परत येऊ नको." आई चौथी शिकलेली. लंडन कुठे आहे हे तिला नकाशावर दाखवता येणार नाही, पण तिथे बाबासाहेब पाव खाऊन दिवस काढत आणि रात्री भूक लागली की पापड भाजून अभ्यासाला बसत, हे तिला तोंडपाठ आहे. आपल्या घराघरांत लंडनचा भूगोल असा पोचलेला आहे.

पहिल्या शनिवारी मात्र आम्ही बरोबरच्या मंडळींसोबत टॉवर ऑफ लंडनला गेलो. तिथे राजघराण्याचे दागिने आहेत, त्यात राणीच्या मुकुटात बसवलेला कोहिनूर आहे. सरकत्या पट्ट्यावर उभे राहायचे, पट्टा पुढे सरकतो, काचेतला हिरा मागे जातो. आमच्यातला एक जण तावातावाने म्हणाला, "हा आपला आहे, परत मिळायला पाहिजे." आम्ही काही बोललो नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावर गुंजभर सोने घालायलाही ज्या समाजाने बंदी केली, त्या समाजाचा हिरा 'आपला' कसा म्हणावा, हा प्रश्न जिभेवर आला होता. पण सुटीचा दिवस होता, वाद नको म्हणून गिळला.

पुढे 12 ऑक्टोबर आला. त्या वर्षी अशोक विजयादशमी नेमकी शनिवारी आली होती. जन्मापासून आम्ही या दिवशी नागपुरात नव्हतो, असे कधी घडले नव्हते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून आणि मोठेपणी समता सैनिक दलाच्या रांगेत उभे राहून आम्ही दीक्षाभूमी पाहिली. त्या सकाळी आईने फोन केला तेव्हा मागे भोंग्यावर गाणी सुरू होती. फोन ठेवला आणि आम्ही थेट भुयारी रेल्वेने चॉक फार्म स्टेशन गाठले. तिथून पायी काही मिनिटांवर किंग हेन्रीज रोड आहे. घर क्रमांक 10.

घर कसे आहे, असे आल्यावर अनेकांनी विचारले. खरे सांगायचे तर घर साधे आहे. एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग, त्यातले हे एक. बाहेर निळी गोल पाटी आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, सामाजिक न्यायासाठी लढणारे भारतीय नेते, 1921-22 मध्ये येथे राहत होते, अशा आशयाचा इंग्रजी मजकूर त्यावर आहे. पाटीखाली एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे होते. पंजाबातले असावेत. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि 'जयभीम' म्हणाले. नाव विचारले नाही, आडनाव तर नाहीच. परदेशात इतके दिवस राहून पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला आमच्या खऱ्या नावाने हाक मारली, असे वाटले.

आमच्याबरोबर त्या दिवशी ऑफिसातला एक सहकारी होता. पावसामुळे त्याचा दुसरा बेत फिसकटला, म्हणून तो आला होता. पुण्याचा, चांगल्या घरचा, स्वभावाने सरळ. तो आत फिरला, भिंतीवरची छायाचित्रे पाहिली आणि हळूच म्हणाला, "मला वाटायचं त्यांना सगळं सरकारने दिलं असेल. इथे शिकायला पैसे कुठून आणले?" प्रश्नात कुजकेपणा नव्हता, निव्वळ अज्ञान होते. आम्ही त्याला जिन्याच्या पायरीवर बसवून सगळे सांगितले. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. 1916 मध्ये लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. 1917 मध्ये शिष्यवृत्ती संपली, शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. पुस्तकांचे सामान ज्या जहाजाने पाठवले होते ते महायुद्धात पाणतीराच्या माऱ्यात बुडाले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै-पै साठवली, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा कुठे 1920 मध्ये पुन्हा लंडनची वाट धरता आली.

इथे एक गोष्ट नागपूरकरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. 1920 च्या मे महिन्याच्या अखेरीस शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत समाज परिषद भरली, तिला बाबासाहेब हजर होते. 'मूकनायक' सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. परिषद आटोपली आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ते बोटीत बसले. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यातून उठून ते लंडनच्या ग्रंथालयात गेले. 1921 मध्ये एम. एस्सी., 1923 मध्ये 'रुपयाचा प्रश्न' या प्रबंधावर डी. एस्सी., मध्येच बॅरिस्टरी. हे सगळे ऐकून आमचा सहकारी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलंच नाही." आम्ही म्हटले, "आम्हालाही शाळेने नाही सांगितले. घरी सांगितले."

हे घर आपल्याला कसे मिळाले, तेही सांगितले पाहिजे. 2014 मध्ये ते विक्रीला निघाले. इंग्लंडमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांच्या फेडरेशनने धावपळ केली, महाराष्ट्र सरकारच्या मागे लकडा लावला. तेव्हा 2015 मध्ये सरकारने तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम देऊन ते विकत घेतले आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला त्याचे उद्घाटन झाले. पुढे शेजाऱ्यांपैकी काहींनी तक्रार केली की माणसांचे लोंढे येतात, गोंगाट होतो. स्थानिक कौन्सिलने राहत्या घराचे संग्रहालय करायला परवानगी नाकारली. अपील झाले, चौकशी झाली, शेवटी 2020 च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने संग्रहालयाला मान्यता दिली. वस्तीत आपले लोक आले की शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, हा अनुभव आपल्याला नवा नाही. तो साता समुद्रापलीकडेही पाठ सोडत नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी रविवारी ब्रिटिश म्युझियम पाहिले. मधोमध घुमटाचे गोल वाचनालय आहे. 1857 मध्ये ते उघडले. कार्ल मार्क्स इथेच बसे आणि बाबासाहेबही इथेच दार उघडण्यापासून दार बंद होईपर्यंत बसत. पुस्तके आता दुसऱ्या इमारतीत गेली, घुमट राहिला. पण आम्हाला खिळवून ठेवले ते एका काचबंद दालनाने. तिथे आंध्रातील अमरावतीच्या महास्तूपाच्या शंभराहून अधिक शिळा मांडल्या आहेत. फिकट चुनखडीचा दगड आणि त्यावर कोरलेले बोधिवृक्ष, धम्मचक्र, तथागतांची पावले. सुरुवातीच्या काळातल्या शिल्पांत तथागतांची मूर्ती नाही. रिकामे आसन आहे आणि त्यापुढे नतमस्तक झालेली माणसे आहेत.

या शिळा इथे कशा आल्या? अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या जमीनदाराने गाव वसवण्यासाठी स्तूपाची टेकडी खणायला लावली. निघालेले दगड बांधकामाला गेले, कित्येक भाजून त्यांचा चुना केला. 1797-98 च्या सुमारास कर्नल मॅकेन्झी तिथे पोचला, नोंदी आणि चित्रे झाली. 1845 मध्ये वॉल्टर इलियटने उत्खनन केले, शिळा मद्रासला नेल्या आणि 1859 मध्ये त्यांतल्या बऱ्याच लंडनला रवाना झाल्या. इंग्रजांनी नेल्या हे खरे. पण ज्यांची भट्टी पेटली होती ते इंग्रज नव्हते, हेही खरे. कोहिनूरसाठी तावातावाने बोलणारी आमची मंडळी या दालनाच्या दारावरून पुढे निघून गेली. आत आम्ही, एक जपानी जोडपे आणि आमचा कालचा सहकारी, एवढेच होतो. बाबासाहेब लंडनला होते त्या काळी या शिळा म्युझियमच्या मुख्य जिन्यावर लावलेल्या होत्या. खाली वाचनालयात रुपयाचा हिशेब चाललेला आणि त्याच छपराखाली तथागतांची पावले!

मागितले तर परत मिळत नाही, असे मात्र नाही. सांचीच्या परिसरात 1851 मध्ये सापडलेल्या सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी लंडनच्या संग्रहालयात होत्या. बौद्धांनी मागणी लावून धरली, त्या 1947 मध्ये परत निघाल्या आणि 1952 मध्ये सांचीला पुन्हा ठेवल्या गेल्या. 2025 च्या मे महिन्यात पिपरहवा येथील धातूंसोबत 1898 मध्ये निघालेली रत्ने हाँगकाँगला लिलावात निघाली होती. भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला, जुलैत ती परत आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने सुमारे 47 लाख रुपयांना घेतली, वाजतगाजत आणली. आणली ते चांगलेच केले. आमचे म्हणणे वेगळे आहे.

ते सांगण्याआधी वाचकांना 1934 सालात नेतो. चळवळीतील कार्यकर्त्यांना एकदा बाबासाहेबांसोबत सहल काढावीशी वाटली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, असे ठरले. तीसेक माणसे निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने अंगावर धूळ बसली होती. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचे टाके होते, मंडळींनी हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी पाणी बाटवले. रमजानचा महिना, गर्दी जमली, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी त्यांना खडसावले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? शेवटी हत्यारबंद शिपाई सोबत देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, ही अट होती. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस, गोलमेज परिषदेत सम्राटाच्या मंत्र्यांसमोर बोललेला माणूस, आपल्याच देशातला किल्ला पाहायला पहारा सोबत घेऊन फिरला. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. म्हणून 'सहल', 'पर्यटन' हे शब्द आमच्या कानाला गुळगुळीत लागत नाहीत.

आणि आता? आता अडवणारे कुणी नाही, तर आपण कुठे जातो? नागपूरपासून उमरेड-भिवापूरच्या रस्त्याने ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, वैनगंगेकाठी पवनी आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांचा अहवाल विद्यापीठाने छापला. जगन्नाथ टेकडीखाली निघालेला स्तूप आकाराने सांचीच्या तोडीचा आहे. तिथल्या एका शिल्पात रिकाम्या आसनावर नागाने फणा धरला आहे आणि खाली ब्राह्मी अक्षरांत मुचलिंद नागाचे नाव कोरले आहे. धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले याचा खुलासा बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात केला. बुद्धधम्माचा प्रसार करणारे नाग लोक या भूमीतले, असे त्यांनी सांगितले. त्या वाक्याचा दगडी पुरावा आपल्या दारापाशी, आणि तो पाहिलेला माणूस दहांत एक सापडत नाही. आमची गणती नऊजणांत होती, हे कबूल करायला लाज वाटते. लंडनच्या काचेतले रिकामे आसन आम्ही आधी पाहिले, पवनी नंतर.

परत आल्यावर एका रविवारी आईला घेऊन गेलो. रुयाडचा महास्तूप 2007 मध्ये झाला, तिथे आपले लोक जातात, गाड्या लागतात. तिथून जुन्या टेकडीकडे जाताना मात्र रस्ता दोनदा विचारावा लागला. टेकडीपाशी आईने चपला काढल्या. खाली खडे होते, आम्ही नको म्हटले. तिने ऐकले नाही. एक बकऱ्या चारणारा मुलगा जवळ आला, "काय शोधून राह्यले?" म्हणाला. आईने त्याला मुचलिंद नागाची गोष्ट सांगितली, पाऊस, वारा, सात दिवस, सगळी. पोरगा उकिडवा बसून ऐकत होता, बकऱ्या पार दुसरीकडे गेल्या. मग तो पळाला.

परतल्यावर विहारात हे सांगितले तेव्हा बायकांनी आधी विचारले, गाडीभाडे किती पडेल? हिशेब झाला, पंचेचाळीस नावे लिहिली गेली. त्यात आठ-दहा शाळकरी पोरे आहेत. विद्यापीठाचा अहवाल वाचनालयातून मिळवून एका शिक्षकांनी त्यातली माहिती सोप्या मराठीत दोन पानांत लिहून दिली आहे, ती गाडीत वाचायची आहे. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला विहारापासून गाडी निघेल. येणाऱ्यांनी डबा आणि पाण्याची बाटली सोबत घ्यावी. टेकडीपाशी आम्हाला चहाची टपरीसुद्धा दिसली नाही.