तळातल्या माशांचे ताट

तळाशी राहणाऱ्या कॅटफिशला वेगळे खाणे लागत नाही, वरच्या माशांचे उरलेसुरले खाऊन तो टाकी स्वच्छ ठेवतो, असे सांगून दुकानांत ‘सकर’ म्हणजे प्लेको आणि कॉरिडोरास सर्रास विकले जातात. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत मासा मोजतो. जो खातो तो विष्ठाही टाकतो. शिवाय माशाच्या कल्ल्यांतून पाण्यात सतत अमोनिया उतरत असतो. म्हणजे टाकीत एक मासा वाढला की पाण्यावरचा भार वाढतोच. तो हलका होतो फिल्टरमुळे आणि नियमित पाणी बदलल्यामुळे. त्यातून खाण्याचे फ्लेक्स तरंगतात. टेट्रा, बार्बसारखे मासे ते वरच्यावर फस्त करतात आणि तळाशी पोचतो तो भिजून सत्त्व गेलेला चुरा. तळातले मासे मग हळूहळू खंगतात. अंगावर हाडांच्या तकटांचे कवच असल्याने आत गेलेले पोट आणि खोल गेलेले डोळे उशिरा लक्षात येतात.

कोणाला काय घालावे हे त्याचे तोंड आणि आतडे पाहून ठरवावे. दक्षिण अमेरिकेतला कॉरिडोरास मिशांनी वाळू चाचपत अळ्या, किडे, बारीक कवचधारी जीव शोधतो. त्याला झिंगा किंवा किड्यांची प्रथिने असलेल्या, बुडणाऱ्या बारीक गोळ्या हव्यात. अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म द्यावेत. ब्रिसलनोज प्लेकोचे आतडे लांब, वेटोळे असते. शेवाळ खरवडणाऱ्या या माशाला वनस्पतिजन्य वेफर, काकडी, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक मानवतो. पण सगळेच प्लेको शाकाहारी नसतात. ब्राझीलच्या शिंगू नदीतला, 1991 साली शास्त्रीय नाव मिळालेला झेब्रा प्लेको मांसाहाराकडे झुकतो. त्याला नुसत्या काकडीवर ठेवणे म्हणजे उपाशी ठेवणेच.

‘टाकीत शेवाळ आहे की,’ असे कोणी म्हणेल. कॉरिडोरास शेवाळावर जगत नाही आणि प्लेकोला पुरेल इतके शेवाळ घरच्या नीटनेटक्या टाकीत क्वचितच असते. जादा खाण्याने पाणी नासते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उपाय उपास नव्हे, माप आहे. बरेच प्लेको रात्री वावरतात. म्हणून दिवा मालवल्यावर संपेल तेवढेच घालावे आणि भाजीचा उरलेला तुकडा सकाळी काढून टाकावा. ‘आमचा सकर वर्षानुवर्षे उरल्यासुरल्यावर जगला’ हा दाखलाही पुरेसा नाही. काटक मासा निकृष्ट खाण्यावरही तग धरतो, पण तग धरणे म्हणजे निरोगी असणे नव्हे.

सफाई कामगार म्हणून आणलेला हाच सकर हातभर वाढला की नकोसा होतो आणि तळ्यात, नदीत सोडला जातो. देशातल्या अनेक जलाशयांत तो पसरला आहे. उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही तो सापडतो. काटेरी परांमुळे तो जाळी फाडतो आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नसते. म्हणून विकत घेण्याआधी माशाची नेमकी जात, पूर्ण वाढ आणि आहार विचारावा. दुकानदाराला ते सांगता येत नसेल किंवा त्या माशाचे स्वतंत्र खाणे आपल्याला जमणार नसेल, तर तो मासा घेऊ नये.