कंपनीनं हात झटकले, म्हणून संगणक भंगारात काढू नका



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर एकच घाई उडते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघायच्या असतात. कुणाला रहिवासी दाखला हवा, कुणाला मुलाच्या जन्माचा, कुणाला सातबारा. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या संगणकानं मान टाकली तर गाडी काही थांबत नाही. माणूस दाखल्याविना जातो आणि काम पाच-सहा महिने लांबतं. म्हणून हा विषय फक्त शहरातल्या संगणकवाल्यांचा नाही, तो तुमचाही आहे.

ग्रामपंचायतींत २०११ पासून 'संग्राम' प्रकल्पाचे संगणक आले आणि २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्र' सुरू झाले. त्या काळातली कितीतरी यंत्रं अजून धडधाकट आहेत. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ ला साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. मग दुकानदार सांगतो, "साहेब, आता नवाच घ्या." घाई करू नका. लिनक्स ही मोफत प्रणाली अशा जुन्या यंत्रावर चालू शकते. पहिली शंका असते ती पडद्याची: चित्र नीट येईल का? त्याचं उत्तर ड्रायव्हरमध्ये आहे.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

बैल कितीही ताकदीचा असो, त्याची सवय ओळखणारा हाकणारा लागतो. संगणकातलं ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा बैल, आणि ड्रायव्हर म्हणजे त्याला हाकणारा प्रोग्रॅम. तो नसला तर चित्र एक तर मोठं, ओबडधोबड येतं, किंवा पडदा काळाच राहतो. कधी चित्र बरं दिसतं, पण सगळा भार प्रोसेसर ओढत असतो. म्हणजे गाडीला बैल दोन, पण एकाच्या खांद्यावर जू. यंत्र रखडतं आणि आपण म्हणतो, 'म्हातारं झालं.'

कार्ड विकणारी कंपनी ड्रायव्हर देते, पण काही वर्षांनी हात झटकते. एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स २१० सारख्या कार्डांना लिनक्ससाठी मिळणारा ड्रायव्हर २०१९ च्या अखेरीस बंद झाला. जीटी ७१० च्या पिढीचा २०२४ मध्ये. कार्ड चालू, पण पुढची दुरुस्ती नाही.

लेथवाल्याची गोष्ट

जुन्या इंजिनाचा सुटा भाग कंपनीनं बंद केला तर आपण काय करतो? लेथवाल्याकडे जातो. हाती नकाशा असला तर तो चटकन भाग बनवून देतो. नसला तर जुना भाग खोलतो, माप घेतो आणि तसाच घडवतो. खुले ड्रायव्हर नेमके याच दोन वाटांनी तयार झाले.

इंटेलच्या बोर्डावरच असलेल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनी स्वतःच खुला देत आली. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही रेडिऑन कार्डांची कंपनी घेतली आणि २००७ मध्ये कार्डांची तांत्रिक कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. म्हणजे नकाशा मिळाला. एनव्हिडियाने मात्र तेव्हा नकाशा दिला नाही. मग स्वयंसेवकांनी कंपनीचा ड्रायव्हर कार्डाला काय काय सांगतो याची नोंद घेत घेत आपला ड्रायव्हर घडवला. त्याचं नाव 'नूवो', म्हणजे फ्रेंच भाषेत 'नवा'. फेब्रुवारी २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला.

याचा तुम्हाला फायदा काय? हे ड्रायव्हर लिनक्सबरोबरच येतात. वेगळी सीडी शोधायला नको, पैसे नकोत. आणि सांकेतिक लिखाण सगळ्यांसमोर असल्यानं कंपनी विसरली तरी कुणीतरी त्याची डागडुजी करत राहतं. जुन्या इंटेल ग्राफिक्ससाठी 'क्रोकस' नावाचा नवा ड्रायव्हर २०२१ मध्ये आला. म्हणजे जी ४१ सारखे बोर्ड आपण टाकून द्यायला निघालो होतो, तेव्हा दूर कुणीतरी त्यांच्यासाठी नवं काम करत होतं.

आधी चाखून पाहा

आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. त्यावर लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती जाणकाराकडून भरून घ्या. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. आतल्या डिस्कवर काही न बसवता प्रणाली वापरून पाहता येते. विंडोज होतं तसंच राहतं. मात्र 'इन्स्टॉल' हे बटण दाबू नका.

दोन जीबी रॅमवर ते चालतं, चार असली तर बरं. यंत्र ६४ बिटचं आहे ना, ते आधी विचारा. मग पाहा: अक्षरं स्वच्छ दिसतात का, खिडकी सरकवताना अडखळते का, सातबाऱ्याचं पान उघडून छापता येतं का. यंत्राच्या माहितीच्या पानावर ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाईप' असं दिसलं तर समजा, कार्ड बसून आहे आणि प्रोसेसर एकटा ओढतोय. पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या यादीत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. त्यानं चित्र येतं, पण ते तात्पुरतं. वेग मिळत नाही.

जुनं कार्ड विकत घ्यायचंच असेल तर रेडिऑन एचडी ५४५० सारखं साधं रेडिऑन बघा. एनव्हिडियाची ९०० आणि १००० मालिका टाळा. त्या कार्डांना कंपनीच्या सहीचं कुलूप आहे. नूवो त्यांचा वेग वाढवू शकत नाही, महागडं कार्ड गोगलगायीसारखं चालतं.

इथे मात्र जपून

सगळंच गोड नाही, हेही सांगितलं पाहिजे. अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीची किल्ली आणि काही प्रिंटर यांचे प्रोग्रॅम फक्त विंडोजसाठी असू शकतात. ज्या संगणकावर सहीचे दाखले निघतात, त्याला हात लावण्याआधी या तिन्ही गोष्टी पेनड्राइव्हवरच तपासा. जमलं नाही तर तो संगणक आहे तसा नीट सांभाळा आणि लिनक्स शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा टायपिंगच्या यंत्रावर टाका. युनिकोड मराठी लिनक्सवर छान चालते. जुन्या फॉन्टमधल्या फायली मात्र आधी युनिकोडमध्ये करून घ्याव्या लागतील.

ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंचांना एवढंच सांगणं: जडवस्तू नोंदवहीतल्या संगणकाच्या निर्लेखनाचा ठराव मांडण्याआधी ही तासाभराची चाचणी करा आणि निकाल मासिक सभेत सांगा. नव्या संगणकाचे पैसे वाचले तर शाळेला, पाण्याला लागतील. आणि गावकऱ्यांनो, तुम्हीही विचारा: "पेनड्राइव्ह लावून पाहिला का?"

दात पाहून बैल विकणारा शेतकरी आधी त्याला एकदा औताला जुंपून बघतो. संगणकाचंही तसंच करा.