कपाटाची किल्ली

साहित्य अकादमीने २०१० साली बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. वर्तमानपत्रांत चौकट छापून येते, लेखकाचे अभिनंदन होते. पण ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले, त्यांच्या हाती ते पडते का? पुष्कळ शाळांत कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात! (पुस्तके फाटतात म्हणे. फाटू द्यावीत की!)

इंग्लंडात याहून गमतीची चाल आहे. कार्नेगी पदकाचा निकाल लागण्यापूर्वीच अंतिम यादीतली पुस्तके शाळाशाळांतील मुले गटागटाने वाचतात, त्यांवर वाद घालतात आणि आपला कौल देतात. परीक्षकांशी मतभेद झाला, तर अधिकच बहार!

आपल्याकडे हे जमेल? खडकवासल्याचेच घ्या. २०१७चा अकादमी पुरस्कार ल. म. कडूंच्या ‘खारीच्या वाटा’ला मिळाला. धरणापायी गाव सुटणाऱ्या मुलाची ती कहाणी. धरणाच्या भिंतीशेजारी वाढणाऱ्या, आजोबांच्या तोंडून १२ जुलै १९६१च्या पानशेत-प्रलयाची हकीकत ऐकणाऱ्या पोरांना ती समजावून सांगावी लागेल काय? उलट, पुण्याच्या नळाला येणारे पाणी कुणाच्या उंबरठ्यावरून आले, हे तीच आपल्याला विचारतील. उत्तर तयार ठेवावे.

संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, भारत सासणे यांचे ‘समशेर आणि भूतबंगला’ हीही जोडीला घ्यावीत. प्रत्येकाच्या चारपाच प्रती, महिनाभर घरी न्यायची मुभा, मग गुप्त मतदान. निबंध मात्र लिहवून घेऊ नये! मतपेटी म्हणून बुटांचे खोके चालेल.