सीमेवरचा कारागीर आणि ऑनलाइन बाजार



पूर्वी कारागिराला आठवड्याचा बाजार गाठावा लागे. आता बाजारच त्याच्या दाराशी आला आहे, असे आपण ऐकतो. ते खरे आहे. परंतु दाराशी आलेल्या बाजारालाही भाडे पडते. ते कसे मोजावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

समजा, खानापुरातील एक महिला बचत गट २०० रुपयांना कापडी पिशवी ऑनलाइन विकतो. कापड व शिलाई १२० रुपये, वेष्टन १२, विक्रीस्थळाची दलाली २० आणि पाठवणी ४०. हाती राहिले ८. दहा पिशव्यांपैकी एक परत आली, तर नऊ पिशव्यांचे ७२ रुपये जमेस. उलट जाण्यायेण्याचे ८० आणि वेष्टनाचे १२ मिळून ९२ रुपये खर्ची. म्हणजे दहा गिऱ्हाइके लाभूनही २० रुपयांची खोट! तीन पिशव्यांचा संच ६०० रुपयांस ठेवला आणि दलाली ६०, पाठवणी ५०, वेष्टन २० धरले, तर संचामागे ११० रुपये उरतात. माल तोच, कष्ट तेच.

माल परत येतो तो पुष्कळदा वर्णनातील उणिवेमुळे. म्हणून लांबी-रुंदी मोजून लिहावी आणि छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे, म्हणजे रंग खरा दिसेल.

दुसरी गोष्ट कराची. विक्रीस्थळांमार्फत माल विकणाऱ्यास, उलाढाल कितीही लहान असली तरी, जीएसटीची नोंदणी मूळ कायद्याने आवश्यक केली होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सक्ती सैल झाली. कर्नाटक वा गोव्यातील विक्रेत्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर पॅनच्या आधारे पोर्टलवर नाव घालून तो असा माल विकू शकतो. मात्र माल राज्याबाहेर जाता कामा नये. आपल्या सीमाभागाची अडचण नेमकी येथेच आहे. बेळगावची पिशवी पाचशे किलोमीटरवरील बेंगळुरूस या सवलतीत जाते. शेजारच्या चंदगडास पाठवावयाची तर पूर्ण नोंदणी हवी. नोंदणी हे संकट नव्हे. पण विवरणपत्रे भरण्याचा खर्च किमतीत आधीच धरला पाहिजे.

तिसरी गोष्ट, एकाच दुकानदाराच्या मुठीत राहू नये. केंद्र सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसीचा हेतू हाच आहे. यूपीआयमध्ये बँका निराळ्या असूनही पैसे पोचतात, तसेच येथे एका अ‍ॅपवरील गिऱ्हाइकास दुसऱ्या अ‍ॅपवर नोंदलेला विक्रेता सापडतो.

वजाबाकी-गुणाकार शिकलेली मुले आता घरोघर आहेत. येत्या रविवारी त्यांनी आईच्या वहीत हा हिशेब मांडून द्यावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.